पेनिसिलिन जिवाणूला नेमकं कसं मारतं? आणि ते टाकीत कसं तयार होतं?

फर्मेंटरवाला

सर्दी-खोकल्याच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की अँटिबायोटिक म्हणजे शेवटी विषच, जंतूंबरोबर ते आपल्यालाही थोडं थोडं मारतं. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझी सगळी नोकरी पेनिसिलिनच्या फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे टाकीत बुरशी वाढवून ते बनवण्यात गेली. या औषधाबद्दल असं काही वाचलं की गप्प बसवत नाही.

फिनाइल जिवाणू आणि आपली पेशी यांत भेद करत नाही. पेनिसिलिन करतं, कारण ते ज्या गोष्टीवर जाऊन बसतं ती गोष्ट आपल्या शरीरात मुळात नाहीच. ती गोष्ट म्हणजे जिवाणूची पेशीभित्ती तयार करणारं एन्झाइम.

जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकन नावाचं कवच असतं. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीला पाच अमिनो आम्लांच्या छोट्या शेपट्या लोंबतात. शेपटीची शेवटची दोन अमिनो आम्लं म्हणजे डी-अ‍ॅलानिन, डी-अ‍ॅलानिन. ट्रान्सपेप्टिडेज हे एन्झाइम शेवटचं डी-अ‍ॅलानिन तोडतं आणि उरलेलं टोक शेजारच्या साखळीच्या शेपटीला जोडून टाकतं. गोधडीला आडवे टाके घातल्यावर थर जसे एकमेकांना धरून राहतात, तसं हे कवच या टाक्यांवर टिकतं. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूच्या आतला दाब वीस वातावरणांच्या घरात असतो. टाके नसतील तर तो दाब पेलणार कसा?

पेनिसिलिनच्या रेणूचा आकार त्या दोन डी-अ‍ॅलानिनच्या जोडीशी जुळतो. एन्झाइम फसतं आणि शेपटी समजून पेनिसिलिन पकडतं. पेनिसिलिनमध्ये चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे, बीटा-लॅक्टम. ते तिथे उघडतं आणि एन्झाइमच्या कामाच्या जागेवर रासायनिक बंधाने घट्ट चिकटतं. ते एन्झाइम मग कामातून गेलं. हे चित्र १९६५ मध्ये टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी मांडलं, म्हणजे औषध वापरात येऊन वीस वर्षं झाल्यावर.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. वाढायचं तर जिवाणूला जुनं कवच जागोजागी कापावं लागतं, आणि त्यासाठी त्याची स्वतःची कापणारी एन्झाइम्स असतात. पेनिसिलिन आल्यावरही ती कापतच राहतात. कापणं चालू, जोडणं बंद. भित्ती विरळ होत जाते आणि जिवाणू आतल्या दाबाने फुटतो. म्हणून पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या जिवाणूला. जो वाढतच नाही त्याच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. १९५१ मध्ये न्यूमोकॉकल मेनिंजायटिसच्या, म्हणजे जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांत हे फार वाईट रीतीने दिसलं. पेनिसिलिनच्या जोडीला ऑरिओमायसिन, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारं टेट्रासायक्लिन गटातलं औषध, दिलेले रुग्ण नुसतं पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दगावले. दोन चांगली औषधं, पण एकाने दुसऱ्याचं काम अडवलं.

कोकणकन्या

छान धागा. म्हणजे सर्दी-फ्लूवर ते चालत नाही, कारण विषाणूला असं कवच नसतं, बरोबर ना?

फर्मेंटरवाला

बरोबर. विषाणूला पेप्टिडोग्लायकन नाही, स्वतःचे रायबोसोमही, म्हणजे प्रथिनं बनवणारी पेशीतली यंत्रंही नाहीत. पेनिसिलिनला धरायला तिथे काहीच सापडत नाही. जिवाणूंतही मायकोप्लाझ्मासारखे काही भित्ती नसलेले आहेत. त्यांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिनच्याच घराण्यातलं अमॉक्सिसिलिन कितीही द्या, उपयोग शून्य.

एचए_कॉलनी

काका, माझं बालपण पिंपरीत एच. ए. कॉलनीत गेलं. वडील कामावरून आले की कपड्यांना एक दमट, बुरसट वास यायचा, तो अजून आठवतो. पण टाकीत नेमकं काय चालतं ते कधी विचारलं नाही. लिहाल का?

फर्मेंटरवाला

नक्की लिहितो, ताई. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर केलेलं काम आहे ते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एच. ए., म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, हा सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीला उभा राहिला.

फ्लेमिंगने १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीभोवती जिवाणू विरघळलेले पाहिले, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. त्या बुरशीचं औषध झालं ते मात्र बारा-तेरा वर्षांनी, ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या हातून. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं. तो सुधारायला लागला आणि साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचलं, तेही संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. रसायन कळलं होतं, परिणाम दिसला होता, आणि तरीही माणूस गेला तो केवळ उत्पादन नव्हतं म्हणून. आमच्या कामाची खरी किंमत मला या प्रसंगात दिसते.

उत्पादन वाढलं ते अमेरिकेत, पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत. तिथे दोन गोष्टी घडल्या. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजवलेलं पाणी उरतं. ते आटवून केलेलं कॉर्न स्टीप लिकर बुरशीला खाऊ घातल्यावर पेनिसिलिन कितीतरी वाढलं. आणि १९४३ मध्ये बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर पेनिसिलियम क्रायसोजिनमचा असा वाण सापडला की जो टाकीत बुडूनही जोमाने वाढायचा. त्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून, त्यातून निपजलेल्या हजारोंपैकी चांगले निवडत पुढचे वाण काढले. फ्लेमिंगच्या बुरशीतून मिलिलिटरला दोनेक युनिट मिळायचे. आज लिटरला चाळीस ग्रॅमच्या वर मिळतं. १० लाख युनिट म्हणजे साधारण ६०० मिलिग्रॅम, हिशेब तुम्हीच करा.

आता टाकीकडे. जपून ठेवलेल्या बीजाणूंपासून सुरुवात होते. आधी फ्लास्क, मग सीड टँक, मग मोठा फर्मेंटर, पन्नास हजार ते लाख लिटरचा. तापमान २५ अंशांच्या आसपास. बुरशी श्वास घेते, पंखे ढवळतात, दोन्हींतून उष्णता निघते, म्हणून गार पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं.

गंमत साखरेत आहे. बुरशीला भरपूर ग्लुकोज एकदम दिलं तर ती नुसती फोफावते, पेनिसिलिन करत नाही. पेनिसिलिन तिच्या रोजच्या जगण्याला लागत नाही. वाढ मंदावली की ती ते करायला लागते. म्हणून साखर थोडी थोडी, मोजून सोडायची. उपाशी ठेवली तर ती स्वतःलाच विरघळवते, पोट भरलं तर काम थांबवते. ती मधली रेषा दिवसरात्र सांभाळणं म्हणजे शिफ्टची नोकरी. सोबत फिनाइल असेटिक आम्लही थोडं थोडं द्यावं लागतं, कारण पेनिसिलिन-जीची, म्हणजे टाकीत होणाऱ्या मूळ पेनिसिलिनची, बाजूची साखळी त्यातूनच येते, पण जास्त झालं तर तेच बुरशीला बाधतं.

आणि हवा. बुरशीच्या तंतूंनी टाकीतला द्रव, आमच्या भाषेत रस्सा, दाट होतो, ऑक्सिजन आत विरघळेनासा होतो. निर्जंतुक हवा सतत आत लोटायची, जोरात ढवळायचं, मग फेस येतो, फेसाला अँटिफोम. त्या हवेबरोबर बाहेरचा एखादा जिवाणू शिरला की बॅच गेलीच समजा. नुसतं खाद्य पळवणारा असेल तर एकवेळ परवडतं. पेनिसिलिनेज, म्हणजे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम, बनवणारा शिरला तर टाकीतलं सगळं पेनिसिलिन काही तासांत मोडून टाकतो. दवाखान्यात ज्याला आपण रेझिस्टन्स म्हणतो, तो आम्ही लाख लिटरच्या मापात पाहायचो.

शेवटी बुरशी गाळून काढायची, रस्सा गार करायचा, आम्लता वाढवायची आणि पेनिसिलिन ब्युटिल असिटेटमध्ये ओढून घ्यायचं. इथे फार घाई लागते. आम्लात ते ताणलेलं कडं पटकन तुटतं. जे कडं औषधाला धार देतं, तेच त्याला नाजूक करतं.

सूक्ष्म_टीवाय

सर, मी टी. वाय.ला मायक्रोबायोलॉजी करतेय, आमच्या पुस्तकात यातलं निम्मंही नाही. एक विचारू? अमॉक्सिसिलिनसुद्धा असंच फर्मेंटरमध्ये करतात का?

फर्मेंटरवाला

अर्धं. फर्मेंटरमधून पेनिसिलिन-जी येतं. मग पेनिसिलिन असायलेज हे एन्झाइम वापरून त्याची बाजूची साखळी कापतात. उरतो तो गाभा म्हणजे ६-एपीए. त्याला दुसरी साखळी जोडली की अ‍ॅम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. हे एन्झाइम बारीक मण्यांवर पक्कं बसवतात, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, आणि पिंपरीलाही यावर काम झालेलं आहे. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर हा घे, मनापासून सांगतो.

डॉ_मृण्मयी

फार सुंदर धागा. मी बालरोगतज्ज्ञ आहे, दवाखान्याच्या बाजूने थोडी भर घालते.

संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं आपल्याकडे अजूनही दिसतात. त्यांना दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. त्यामागचा जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस आजही पेनिसिलिनला दाद देतो. ऐंशी वर्षं झाली तरी देतो! स्टॅफिलोकॉकसने मात्र काही वर्षांतच दाद देणं थांबवलं. त्यामुळे ‘सगळे जंतू आता रेझिस्टंट झालेत’ हे वाक्य मला पटत नाही. कोणता जंतू आणि कोणतं औषध, हे दोन्ही विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरं, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांची पेप्टिडोग्लायकनची भित्ती पातळ असते, पण तिच्या बाहेर आणखी एक पडदा असतो. औषधाला त्यातल्या बारीक छिद्रांतून आत जावं लागतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू एवढा मोठा की तो त्या छिद्रांतून जातच नाही. आत पोचलेल्या औषधाची वाट बीटा-लॅक्टमेज, म्हणजे बीटा-लॅक्टमचं कडं तोडणारं जिवाणूचं एन्झाइम, पाहत असतं. त्याने कडं तोडू नये म्हणून आम्ही अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल देतो. ते स्वतः जिवाणूला फारसं मारत नाही, बीटा-लॅक्टमेजला गुंतवून ठेवतं. तेही मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूकडूनच मिळालेलं. पण एनडीएम-१ नावाचं एन्झाइम जस्ताच्या मदतीने काम करतं, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्याला अडवू शकत नाही, आणि ते कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधंसुद्धा मोडतं. असा संसर्ग झालेल्या बाळाच्या शेजारी उभं राहून कल्चरचा रिपोर्ट वाचणं किती जड जातं, ते शब्दांत नाही सांगता येत.

सूक्ष्म_टीवाय

मॅडम, अ‍ॅझिथ्रोमायसिन भित्तीवर काम करत नाही ना? ते रायबोसोमवर. पण रायबोसोम तर आपल्यालाही आहेत.

डॉ_मृण्मयी

आहेत, पण वेगळे. आपले ८०एस, जिवाणूंचे ७०एस (एस हे तळाशी बसण्याच्या वेगावरून ठरवलेलं माप). स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, टेट्रासायक्लिन हे त्यांच्या लहान तुकड्यावर, ३०एसवर बसतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, लिनेझोलिड मोठ्या तुकड्यावर, ५०एसवर. वेंकी रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यात ३०एसवर औषधं नेमकी कुठे बसतात हेही दिसलं.

मात्र तुझा प्रश्न योग्य जागी बोट ठेवतो. आपल्या मायटोकाँड्रियातले, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतले, रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमच्या जवळचे असतात. लिनेझोलिड बरेच आठवडे दिलं तर रक्तपेशी कमी होतात, त्यामागे हेच आहे. मायटोकाँड्रियाच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांना जेंटामायसिनसारख्या औषधाने बहिरेपणा येऊ शकतो. ज्या धाग्यावरून हा धागा निघाला तिथल्या ‘विष’ या शब्दात थोडंसं तथ्य आहे ते एवढ्यापुरतं, आणि ते औषधागणिक वेगळं.

फर्मेंटरवाला

मॅडम, हे मान्य, आणि मोलाची भर. माझं सगळं आयुष्य पेनिसिलिनभोवती फिरलं, म्हणून मी त्याच्याच बाजूने बोलतो. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या जिवावर तेही बेतू शकतं, हे लिहायला हवं. त्यासाठीच पेनिसिलिनचा विभाग इतर औषधांपासून पूर्ण वेगळा ठेवावा लागतो.

सांगोल्याचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. माझा प्रश्न माणसांच्या औषधाचा नाही, पण इथेच विचारतो. आमच्याकडे डाळिंबावर तेल्या (तेलकट डागांचा रोग) आला की वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन मारायचो. सहा ग्रॅमची पुडी, सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड. सुरुवातीला फरक दिसायचा, नंतर नंतर दिसेना. आता त्यावर बंदी आली. हे त्या पेनिसिलिनसारखंच का? आणि रोगाला औषधाची सवय होते म्हणतात ती कशी?

फर्मेंटरवाला

दादा, प्रश्न अगदी इथलाच आहे. ती पुडी म्हणजे नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांची औषधं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्सला शाट्झ आणि वाक्समन यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून मिळवलं आणि क्षयावर चालणारं ते पहिलं अँटिबायोटिक ठरलं. तेल्याचा झँथोमोनास हा जिवाणू आहे, म्हणून त्यावर ते चालतं. करप्यासारख्या बुरशीच्या रोगावर मारलं तर पैसे वाया.

सवयीचं म्हणाल तर एकट्या जिवाणूला सवय होत नाही. कोट्यवधींत एखादा असा असतो की ज्याचा रायबोसोम किंचित वेगळा आहे, किंवा ज्याच्याकडे स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट चिकटवून निकामी करणारं एन्झाइम आहे. फवारणीने बाकीचे मरतात, तो उरतो आणि बाग त्याच्या पिल्लांनी भरते. अमेरिकेत सफरचंद-नाशपतीच्या फायर ब्लाइटवर स्ट्रेप्टोमायसिन मारायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कॅलिफोर्नियाच्या नाशपतीच्या बागांत तो जिवाणू दाद देईनासा झाला. पुढे इतर ठिकाणी जे सापडलं ते जास्त काळजीचं होतं: निकामी करणारी जनुकं उडी मारू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर बसलेली होती, म्हणजे एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी.

ही जनुकं आली कुठून? स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या जिवाणूला स्वतःच्या औषधापासून वाचावंच लागतं, त्यामुळे तोड त्याच्याकडे आधीपासून होती. मातीत ती कितीतरी काळ आहे. आपण फवारणी करून ती ज्यांच्याकडे आहे त्यांची चलती करून दिली. बागेतल्या मातीत, पाण्यात, जनावरांच्या पोटात आणि आपल्या पोटात जिवाणू येत-जात असतात. म्हणून २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने आधी याचं उत्पादन थांबवलं आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीतला वापर. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि त्याची झळ तुम्हाला बसली हेही मी मानतो.

सांगोल्याचा_बागायतदार

झळ बसलीच. तेल्या आला की हातची बाग जाते, आणि कर्ज बागेवरच काढलेलं असतं. पण तुम्ही कारण नीट सांगितलंत, आजवर दुकानदाराने एवढं सांगितलं नव्हतं. आम्ही आता पावसाळ्याच्या तोंडाशी धरायचा मृग बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरतोय. पावसाळ्यात बाग विश्रांतीला, त्यामुळे फळ असताना पाऊस कमी. छाटणीची कात्री दर झाडाला हायपोक्लोराइटमध्ये बुडवतो, रोगट काड्या आणि पाला वेचून जाळतो, एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार आणि चुना) मारतो. तेल्या संपला नाही, पण आटोक्यात आहे.

फर्मेंटरवाला

दादा, हेच खरं उत्तर आहे. जिवाणूची संख्याच कमी ठेवली तर त्यात तो एखादा सापडायची शक्यताही कमी. तांब्यावरही फार भिस्त नको, तांब्याला न जुमानणारे झँथोमोनास जगात सापडलेले आहेत. रोपं मात्र निरोगी बागेतलीच घ्या, बरेचदा रोग रोपाबरोबर येतो.

माध्यमवर्गीय

वाचतोय, उत्तम चर्चा, पुढील लेखनास शुभेच्छा. एक प्रश्न. ‘कोर्स पूर्ण करा, नाहीतर रेझिस्टन्स येतो’ असं लहानपणापासून ऐकलंय. आता काही डॉक्टर तीन-पाच दिवसांचंच औषध देतात. खरं काय?

डॉ_मृण्मयी

दोन्हींत खरं आहे. क्षयात औषध मध्येच सोडणं धोक्याचंच, कारण तो जिवाणू अतिशय सावकाश वाढतो, काही निपचित पडून राहतात, आणि म्हणून चार औषधं एकत्र, महिनोन्‌महिने द्यावी लागतात. पण साध्या न्यूमोनियात किंवा लघवीच्या संसर्गात कमी दिवसांचा कोर्स पुरतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि जास्त दिवस औषध म्हणजे आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंतही औषधाला दाद न देणारे तेवढे उरायला जास्त दिवस. सांगोल्याच्या दादांच्या बागेत झालं तेच आपल्या पोटात होतं. तेव्हा डॉक्टरांनी जितके दिवस लिहिले तितके घ्या, आधी थांबवावंसं वाटलं तर फोन करून विचारा. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवू नका आणि पाकिटावर लाल पट्टी असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका.

कोकणकन्या

मॅडम, जाता जाता. मुलाचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप अर्धं उरलंय, फ्रिजमध्ये आहे. महिना झाला. आता परत ताप आलाय. पांढरंच दिसतंय, वासही ठीक आहे.

डॉ_मृण्मयी

नको, टाकून द्या. पावडर कोरडी असते तोवर ती टिकते. पाणी घातलं की ते कडं हळूहळू तुटायला लागतं, आणि क्लॅव्ह्युलॅनेटचं तर आणखी लवकर. म्हणून पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा फक्त सात दिवस, तसं बाटलीवरच लिहिलेलं असतं. रंग आणि वास बदलतीलच असं नाही, पण औषधाचा जोर गेलेला असतो. ताप किती दिवसांचा आहे, खोकला, श्वास जलद चालतोय का, लघवी नीट होतेय का, पाणी पितोय का? तीन दिवसांच्या वर असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर आजच जवळच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी.

कोकणकन्या

दुसराच दिवस आहे, श्वास ठीक आहे, पेज पितोय. बाटली आत्ता टाकली. आभार, मॅडम.